पुस्तकावरचं प्रेम आणि रद्दीचा भाव

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना निसटलेलं लिहिताना घातलं आहे. शिव्या तेवढ्या कमी केल्या आहेत.)



मला विषय दिलाय 'वाचन'. देणारी पोरं हसत होती, कारण भांडण कशावरून लागलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या अभ्यासिकेत चोवीस खुर्च्या आणि भिंतीला दोन लोखंडी कपाटं. कपाटं काढली तर आणखी सहा खुर्च्या बसतात. एमपीएससी, बँक, पोलीसभरती करणारी पोरं-पोरी जिन्यात बसून वाचतायत आणि आत कपाटातल्या पुस्तकांना कुणी हात लावत नाही. तेव्हा पुस्तकं रद्दीत काढा, असा ठराव आलाय. रविवारी मतं पडणार. मी म्हणजे कपाटाच्या बाजूचा म्हातारा, असं धरूनच मला इथं उभं केलंय. ठीक आहे. पण मी लगेच कपाटाकडे जाणार नाही. आधी बोलणार ते पुस्तकप्रेमाच्या लेखांबद्दल.

हे लेख तुम्ही बघितलेत. दिवाळी अंकात एखादा तरी असतोच. लेखकाचे आजोबा वकील, नाहीतर हेडमास्तर. माडीवर काचेची कपाटं. लहानपणी लेखक तापानं पडलेला असतो आणि उशाशी कुणीतरी पुस्तक आणून ठेवतं. मग येतो नव्या पुस्तकाचा वास. हा वास आल्याशिवाय लेख पुरा होतच नाही. मग पुस्तक नेऊन परत न देणाऱ्या मित्राची थट्टा. मग पावसाळी दुपार, खिडकी, चहा. चहा कोण करून देतं ते लिहिलेलं नसतं. आणि शेवटी: पुस्तकांवाचून मी जगूच शकणार नाही.

खोटं सांगत नाही, हे लेख मला आवडतात. चोरून खाल्लेल्या गुळासारखे आवडतात. माझी त्यांची पहिली गाठ पडली ती रद्दीच्या वखारीत.

माझा बाप तिथं हमाल होता. १९७४-७५ची गोष्ट. शाळा सुटली की मी जायचो हाताखाली. रद्दीची जातवारी असते, ती तिथं शिकलो. वर्तमानपत्र वेगळं, वहीचा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, पुस्तक वेगळं. सगळ्यात जास्त भाव वर्तमानपत्राला, कारण त्यात शेंगदाणे बांधता येतात, भजी बांधता येतात. पुस्तकाला कमी. पान लहान, पुठ्ठा फाडायची मेहनत वर. सरस्वतीचा हा भाव मला दहाव्या-बाराव्या वर्षीच कळला.

एकदा एका हातगाडीवरून अख्खं घर आलं. म्हणजे एका माणसाची सगळी पुस्तकं. प्रत्येकावर जांभळा शिक्का, नाव, बी.ए., एल्‌एल.बी. मालक वारला होता, पोरांनी खोली मोकळी केली. त्यात बांधून घेतलेले दिवाळी अंक होते आणि एका अंकात पुस्तकप्रेमावरचा लेख होता. मालकानं त्याच्याखाली ओळीच्या ओळी अधोरेखित केलेल्या. माझ्या पुस्तकांना मी जिवापलीकडे जपतो, अशा मतलबाचं काहीतरी. आणि वर काट्यावर चौदा किलोचं वजन. मी हसलो. बापानं विचारलं काय झालं. मी वाचून दाखवलं. तो अंगठेबहाद्दर माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मग पोरांना का नाही शिकवलं जपायला?'

पुढं पुष्कळ वर्षांनी वॉल्टर बेंजामिनचा लेख हाती पडला. जर्मन माणूस, ज्यू. १९३१ साली त्यानं खोक्यांतून पुस्तकं काढता काढता संग्रह करणाऱ्या माणसाबद्दल लिहिलंय. सुरेख लेख आहे, मिळवून वाचा. त्यात तो म्हणतो की संग्रह मिळवायचा सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे वारसा. हे वाचताना मला तो जांभळा शिक्का आठवला. वारसा! माझ्या आज्याकडून माझ्या बापाला काय आलं? काठी, घोंगडी आणि येसकरपाळीची आठवण. महारवतन कायद्यानं गेलं तेच १९५८ साली. त्या वकिलाचा वारसा त्याच्या पोरांनी नाकारला आणि वजनावारी आमच्या घरात आला. पण बेंजामिनवर दात धरू नका. लेखानंतर दोन वर्षांत हिटलर आला, ह्याला देश सोडावा लागला आणि १९४० साली स्पेनच्या सरहद्दीवर त्यानं जीव दिला. पुस्तकांचं घर केव्हा मोडेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता ह्या सगळ्या लेखांचा आजोबा, चार्ल्स लॅम्ब. इंग्रज. लंडनच्या मासिकातून लिहायचा, १८२०च्या आसपास. पुस्तकांवर, वाचनावर त्याचे निबंध आहेत. आपल्याकडच्या ललितवाल्यांनी त्याची बरीच उसनवारी केली, लाडिकपणा तेवढा उचलला. त्याच्यातलं जे खरं होतं ते टाकून दिलं. काय होतं खरं? फिरत्या वाचनालयातली मळकी, कोपरे झिजलेली पुस्तकं त्याला आवडतात. का, तर त्या पानांवर किती अंगठे फिरले असतील! दिवसभर सुई चालवून थकलेली एखादी शिवणकाम करणारी बाई झोपेतून तास काढून ते वाचत बसली असेल, असं तो लिहितो. आणि दुसरं म्हणजे रस्त्यावरचे वाचक. विकत घ्यायला पैसा नाही म्हणून पुस्तकाच्या ठेल्यासमोर उभ्या उभ्या पान दोन पान चोरून वाचणारे. दुकानदार डोळे वटारून बघतोय, आता हाकलील मग हाकलील, आणि हे वाचतायत. लॅम्बला ह्या लोकांबद्दल माया आहे.

हे वाचलं तेव्हा मी जागच्या जागी उडालो. कारण तो मीच होतो ना! फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ. तिथं पुस्तकांच्या ठेल्यांची रांग होती. २००५ साली महापालिकेनं बरेच ठेले उचलले. वखारीतली बऱ्यापैकी पुस्तकं बाप बाजूला काढायचा. वाचता येत नव्हतं, पण बांधणीवर हात फिरवून सांगायचा, ही डिक्शनरी, हे वकिलाचं, हे इंजिनेरीचं. ती मी फाउंटनला नेऊन द्यायचो आणि पैसे मोजून होईपर्यंत ठेल्यावरचं काहीतरी वाचायचो. पैसे मोजायला जितका वेळ तितकं माझं वाचन. एका कादंबरीची पहिली साठ पानं मी सात खेपांत वाचली. आठव्या खेपेला ती विकली गेलेली. अजून मला तिचा शेवट ठाऊक नाही. नाव सांगत नाही, तुमच्यातला कुणीतरी लगेच मोबाइलवर शोधून सांगेल आणि मजा घालवील.

पण लॅम्बची दुसरी बाजूही बघा. हा माणूस पोटासाठी काय करायचा? ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून. तेहतीस वर्षं. १८२५ साली निवृत्त झाला तेव्हा वर्षाला साडेचारशेच्या आसपास पौंड पेन्शन बसलं. कंपनीचा पैसा कुठून येत होता ते मी ह्या सभेत सांगायला नको. नीळ, अफू, शेतसारा. त्याच्या मेणबत्तीचा पैसा कुठल्या गावातून निघाला, हे लेखात येत नाही. तो वाईट माणूस नव्हता. पण पुस्तकप्रेमाचा लेख वाचताना मी आता एक खोड लावून घेतलीय. लेखकानं पुस्तक उघडलं की मी त्याच्या खोलीत नजर फिरवतो. कंदील कुणी पुसला? पाणी कुणी भरलं? हा वाचत असताना कोण वाचत नव्हतं?

दारावर अडवल्या गेलेल्यांनी लिहिलेलं वाचायला लागलात की हे आपोआप दिसतं. व्हर्जिनिया वुल्फ, श्रीमंत घरची बाई, तरी १९२९च्या पुस्तकात लिहिते की विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारात तिला थांबवलं. बायकांना आत जायचं तर सोबत कॉलेजचा फेलो हवा, नाहीतर ओळख करून देणारं पत्र हवं. अमेरिकेत रिचर्ड राइट, काळा माणूस, मेम्फिस शहरात. ग्रंथालयातून काळ्यांना पुस्तक मिळत नसे. ह्यानं एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड मागून घेतलं आणि 'ह्या पोराबरोबर पुस्तकं पाठवा' अशी गोऱ्याच्या नावानं खोटी चिठ्ठी लिहून नेली. चिठ्ठीत स्वतःलाच शिवी घातली, म्हणजे ती गोऱ्याचीच वाटेल! १९४५ साली आलेल्या त्याच्या आत्मकथेत हे आहे. पुस्तकप्रेमावर ह्याहून मोठा लेख मला ठाऊक नाही, आणि त्यात वास-बीस काही नाही.

माझंही असंच. सोळाव्या वर्षी एका वाचनालयात गेलो. नाव कशाला सांगू, असली पुष्कळ आहेत. फॉर्म मागितला. समोरच्यानं आडनाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, दोन सभासदांची शिफारस आण. मी म्हटलं, माझ्या ओळखीत सभासद नाही. तो म्हणाला, तेच तर. फार सौम्य आवाजात म्हणाला. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, उलट देता आली असती. जुन्या धर्मसूत्रात शूद्रानं वेद ऐकला तर कानात शिसं ओता म्हणून लिहिलंय. ह्याला शिसं लागलं नाही, एक फॉर्म पुरला.

आता आपल्या घरात येऊ. बाबासाहेबांच्या पुस्तकप्रेमावर आपण इतकं बोलतो की ते गुळगुळीत झालंय. राजगृह दादरला पुस्तकांसाठी बांधलं, टाळ्या. अठरा अठरा तास वाचायचे, टाळ्या. मी तुम्हाला त्यातली किंमत सांगतो. परळच्या एका खोलीत सगळं कुटुंब. रामजीबाबांकडे पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांच्याकडून उसने घ्यायचे, नाहीतर दागिना घेऊन गहाण टाकायचे आणि पुस्तक आणायचे. त्या बहिणींनी ती पुस्तकं उघडून बघितली असतील का? चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा पोरगा केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला, कारण घरात बसून वाचायला जागाच नव्हती. १९१७ साली लंडनहून परतताना सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली, ती महायुद्धात बुडाली. आणि रमाई. पाकिस्तानच्या प्रश्नावरचं १९४०चं पुस्तक बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीला अर्पण केलंय. ती गेली १९३५ साली. आपल्या पुस्तकात हे नाव घालणारा माणूस खोलीत कोण पाणी भरत होतं ते विसरला नव्हता.

आणखी एक. ललितवाल्यांच्या लेखात पुस्तक जाळणं हे महापाप. बाबासाहेबांइतकं पुस्तकांवर जीव टाकणारं माणूस कोण होतं? आणि २५ डिसेंबर १९२७ला महाडला त्यांच्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडला सहस्रबुद्ध्यांनी, जन्मानं ब्राह्मण. सगळीच पुस्तकं पवित्र, असं आमच्या पुस्तकप्रेमात नाही. पण पुढचं ऐका, कारण आपली पोरं इथंच थांबतात. जाळून झाल्यावर बाबासाहेबांनी मनू वाचायचं सोडलं नाही. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हे पुस्तक आलं, त्यात शास्त्रं, स्मृती, पुराणं सगळी उलटीपालटी करून वाचलेली दिसतात. आपल्यातले किती जण जाळायला तयार आणि वाचायला नाही? हात वर करू नका, मला चेहरे दिसतायत.

शासनानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली १९७९ साली, वसंत मून ह्यांनी त्यात आयुष्य घातलं. आज ते सगळे खंड तुमच्या मोबाइलात फुकट आहेत. परवा एका पोराला म्हटलं, दाखव. दाखवले. सगळे होते. एकाचंही तिसरं पान उघडलेलं नव्हतं. मग त्या वकिलात आणि तुझ्यात फरक काय? त्यानं निदान अधोरेखित तरी केलं होतं.

आपल्याकडं वाचन एकट्याचं नव्हतं, हेही त्या लेखांत सापडत नाही. 'मूकनायक' निघालं १९२० साली, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. वस्तीत अक्षर येणारा एखादा. तो कंदिलाखाली वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, मध्येच अडवायचे, 'पुन्हा वाच' म्हणायचे. आमच्या घरातही तसंच. रात्री बाप विडी पेटवून बसायचा आणि मी वाचायचो. झोप लागली की चापट. आजही ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जा. पोटाला चिमटा काढून आलेली बाई पुस्तकाच्या स्टॉलवर उभी असते आणि वीस रुपयांची पुस्तिका घेते. तिला वाचता येत नसेलही. घरी नातू आहे वाचायला. पुस्तकप्रेमाचा लेख ह्या बाईवर कुणी लिहिलाय?

एक गोष्ट राहिली. ती सांगायची नव्हती, पण रमाईचं नाव घेतलं म्हणून सांगतो. माझी ताई. सातवीत शाळा सुटली, कारण मला शिकवायचं होतं. आई आणि ती घरी बसून रद्दीच्या कागदाच्या पिशव्या करायच्या. खळ लावायची, घडी घालायची, शेकड्यानं द्यायच्या. ताई पिशवी चिकटवता चिकटवता वाचायची. एका बाजूला गोष्टीचं पान एकवीस, दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी पाकक्रियेचं पान. पान बावीस दुसऱ्या पिशवीत, ती केव्हाच वाण्याकडं गेलेली. मी रात्री आलो की ती मला गोष्ट सांगायची आणि विचारायची, पुढं काय झालं असेल रे? मी मोठ्या तोऱ्यात काहीतरी रचून सांगायचो. मी वखारीतून चांगली पुस्तकं शोधून आणायचो ती माझ्यासाठी. ती फळीवर ठेवायचो आणि सांगायचो, ह्याला खळीचे हात लावू नको. हे मी म्हणालोय. आज माझ्या घरी भिंतभर पुस्तकं आहेत, आणि ताई येते तेव्हा लांबून बघते. 'घे की,' म्हटलं तर म्हणते, 'नको बाबा, मळायची.'

म्हणून आता कपाट.

मी गेल्या आठवड्यात कुलूप काढून मोजलं. चारशे बारा पुस्तकं. त्यातली दीडशेच्या आसपास जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची. ती मी स्वतः रद्दीत घालतो, मला त्याचा भाव चांगला ठाऊक आहे. उरली दोनशे साठ. मी कपाटाच्या विरुद्ध मत देणार आहे. काढा कपाटं. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत राहणाऱ्या पोरीला खुर्ची आणि डोक्यावर दिवा मिळणं, ह्याच्याहून मोठं काम त्या कपाटानं दहा वर्षांत केलेलं नाही. बंद कपाट म्हणजे ती माडीवरची काचच. आपण लोखंडाची केली एवढंच.

पण रद्दीत नाही. चोवीस आणि सहा, तीस जण होता. प्रत्येकानं आठ-नऊ पुस्तकं घरी न्यायची. फळीवर, पोटमाळ्यावर, पलंगाखाली, कुठंही. वहीत नोंद: कुणाकडं काय. एखादं पाहिजे असलं की त्याच्या घरी जाऊन मागायचं, ह्या निमित्तानं एकमेकांच्या घरात पाय तरी पडतील. नेलेल्यातलं एक पुस्तक महिन्याभरात घरात मोठ्यानं वाचायचं, आईला, आजीला, भाजी निवडत असेल तर तिथं बसून. तिनं 'पुढं काय झालं' विचारलं तर रचून सांगायचं नाही, पान उलटायचं. पोलीसभरतीवाल्यांनी तोंड वाकडं करू नये, दिवसाला चार पानं वाचून तुमची धाव कमी होणार नाही.

मळली तर मळली. खळ, हळद, चटणी, लागू दे काय ते. पुस्तक परत आलं की मी पानं उलटून बघणार आहे आणि कोरं दिसलं तर विचारणार आहे.

रविवारी मतं घ्या. किल्ली माझ्याकडं आहे. शनिवारी संध्याकाळी सातला मी कपाट उघडतो. प्रत्येकानं एक पिशवी आणायची, कापडी.